कंपनी सुटली, गाव गाठलं. पण कापलेल्या 'फंडा'चं काय झालं?

हिंगोली जिल्ह्यातल्या कितीतरी घरांत पत्र्याच्या पेटीत किंवा कपाटाच्या वरच्या कप्प्यात एक प्लास्टिकची पिशवी सापडते. त्यात चाकणच्या एखाद्या कंपनीचं ओळखपत्र, वाळूजचा जुना गेटपास, दोन-चार पगाराच्या चिठ्ठ्या आणि बंद पडलेलं सिमकार्ड असतं. चिठ्ठीवर 'पीएफ' असा रकाना असतो आणि त्यापुढे हजार-दीड हजाराचा आकडा.

गावाकडे याला 'फंड' म्हणतात. "कंपनीत फंड कापत होते, पण पुढं काय झालं माहीत नाही," हे वाक्य सेनगाव-कळमनुरीच्या बाजूला नवं नाही. दहावी, बारावी किंवा आयटीआय झालेली मुलं पुण्याच्या, संभाजीनगरच्या कारखान्यांत जातात. तीन वर्षं इथं, चार वर्षं तिथं काम करतात. मग वडील थकतात, शेताकडे बघायला कुणी राहत नाही, किंवा ठेकेदाराचं कंत्राट संपतं आणि ते परत येतात. २०११च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ११ लाख ७७ हजार होती आणि त्यातले साधारण ८५ टक्के लोक खेड्यात राहत होते. पगाराच्या नोकऱ्या बाहेर आणि माणूस गावात, अशी ही विभागणी आहे. त्यामुळे पैसा एका ठिकाणी जमा होतो आणि त्याचा मालक दुसरीकडे राहतो.

देशभरात असा किती पैसा पडून आहे? केंद्रीय कामगार मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२३-२४ अखेर कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे, म्हणजे ईपीएफओकडे, २१ लाख ५५ हजार निष्क्रिय खाती होती आणि त्यांत ८,५०५ कोटी रुपये होते. २०१८-१९ मध्ये हीच रक्कम १,६३८ कोटी होती. पाच वर्षांत ती पाच पटींहून जास्त झाली.

या आकड्यात एक गोष्ट मात्र दिसत नाही. हे ८,५०५ कोटी म्हणजे भविष्य निर्वाह निधीतली शिल्लक. त्याच पगारातून तयार झालेला पेन्शनचा हक्क रुपयांत मोजला जात नाही, तो वर्षांत मोजला जातो. त्यामुळे तो हरवला तरी कुठल्याही पासबुकात तूट दिसत नाही.

एका पगारातून दोन वाटा

मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून महिना १२,००० रुपये धरू. कामगाराच्या पगारातून १२ टक्के म्हणजे १,४४० रुपये कापले जातात आणि ते सगळे पीएफमध्ये जातात. कंपनीही तेवढेच १,४४० रुपये भरते, पण ते दोन ठिकाणी विभागले जातात. पगाराच्या ८.३३ टक्के, म्हणजे साधारण १,००० रुपये, कर्मचारी पेन्शन योजनेत जातात. उरलेले ४४० पीएफमध्ये जमा होतात.

ही पेन्शन योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासून लागू आहे, म्हणून तिला ईपीएस-९५ म्हणतात. खासगी कारखान्यातल्या कामगारासाठी सरकारी चौकटीतली पेन्शन ती हीच.

पीएफवर दरवर्षी व्याज जमा होतं. २०२४-२५ साठी ते ८.२५ टक्के होतं. पेन्शनच्या रकान्यात मात्र व्याज चढत नाही, कारण ते तुमचं बचत खातंच नाही. तो पैसा सामायिक निधीत जातो आणि तुमच्या नावावर फक्त सेवेची वर्षं आणि पगार नोंदला जातो. नोकरी बदलून खातं ट्रान्सफर केलं की नव्या पासबुकात पेन्शनच्या रकान्यात शून्य दिसतं आणि अनेकांना धक्का बसतो. तो पैसा गेलेला नसतो. पुढे आलेली असते ती सेवा.

पेन्शनचं गणित असं : गेल्या ६० महिन्यांच्या सरासरी पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणायचं आणि ७० ने भागायचं. पगार कितीही असला तरी सध्या १५,००० रुपयांपर्यंतच धरला जातो. सेवा किमान १० वर्षं हवी. सहा महिने किंवा जास्त असलेलं अपुरं वर्ष पूर्ण धरतात. पेन्शन ५८व्या वर्षी सुरू होते. ज्यांची सेवा १ सप्टेंबर २०१४ च्या आधीपासूनची आहे, त्यांच्या त्या काळाचा हिशेब तेव्हाच्या ६,५०० रुपयांच्या मर्यादेने वेगळा होतो, त्यामुळे त्यांचा आकडा थोडा कमी येतो.

अकरा वर्षं, तीन कंपन्या : कुठे काय गेलं?

उदाहरणासाठी एक कामगार घेऊ. २०१४ च्या अखेरीस, वयाच्या २४व्या वर्षी तो चाकणला लागला. तिथे ३ वर्षं, मग वाळूजला ४, मग रांजणगावला ४ वर्षं. सोयीसाठी पगार सगळीकडे १२,००० धरू.

प्रत्येक नोकरी सुटल्यावर तो तालुक्याच्या ठिकाणच्या ऑनलाइन सेंटरवर गेला आणि "माझा फंड काढून द्या" म्हणाला. सेंटरवाल्याने दोन अर्ज भरले. एक फॉर्म १९, म्हणजे पीएफ काढण्याचा. दुसरा फॉर्म १०-सी, म्हणजे पेन्शनची रक्कम काढण्याचा. दुसरा अर्ज काय आहे, हे त्याला बहुधा कुणी सांगितलंच नाही.

१०-सी वर मिळणारी रक्कम ठरलेल्या तक्त्यानुसार असते. ३ वर्षांच्या सेवेला पगाराच्या ३.१० पट, ४ वर्षांच्या सेवेला ४.१८ पट. म्हणजे त्याला पहिल्यांदा ३७,२०० रुपये आणि नंतर दोनदा ५०,१६० रुपये मिळाले. एकूण १ लाख ३७ हजार ५२० रुपये.

आता दुसरी बाजू. या अकरा वर्षांत पेन्शन योजनेत त्याच्या नावाने महिना साधारण १,००० प्रमाणे १ लाख ३२ हजार रुपये भरले गेले होते. म्हणजे त्याला जेमतेम भरलेलेच पैसे परत मिळाले. बदल्यात अकरा वर्षांची सेवा पुसली गेली. ती वर्षं जोडलेली राहिली असती, तर ५८व्या वर्षापासून महिना १,८८६ रुपये पेन्शन बसली असती. वर्षाला साडेबावीस हजारांच्या वर. एकरकमी मिळालेला सगळा पैसा पेन्शनच्या साधारण सहा वर्षांत भरून निघतो आणि त्यापुढे पेन्शन हयातभर सुरू राहते.

हा हिशेब एकतर्फी मांडणं बरोबर नाही. २४ वर्षांचा हा मुलगा ५८ चा होईल तेव्हा २०४८ साल असेल आणि १,८८६ रुपयांत तेव्हा काय येईल हा रास्त प्रश्न आहे. ईपीएस-९५ च्या पेन्शनला महागाई भत्ता जोडलेला नाही. विहिरीचं काम अडलंय, बहिणीचं लग्न आहे, आई दवाखान्यात आहे, अशा वेळी हातात येणारे पन्नास हजार सोडणं सोपं नसतं. पैसे काढणं हा चुकीचा निर्णय असेलच असं नाही. अडचण अशी की बहुतेक वेळा तो निर्णय म्हणून घेतलाच जात नाही.

इथे एक सुटका आहे आणि ती फार कमी लोकांना माहीत असते. फॉर्म १९ भरून पीएफची रक्कम काढली, पण १०-सी भरला नाही, तर पेन्शनची वर्षं तशीच राहतात. किंवा १०-सी मध्येच दुसरा पर्याय निवडता येतो : रोख रकमेऐवजी 'स्कीम सर्टिफिकेट'. या कागदावर तुमची सेवा किती वर्षांची हे लिहिलेलं असतं. पुढे कुठेही पीएफ कापणारी नोकरी लागली की ते तिथे जमा करायचं आणि आधीची वर्षं पुढे जोडली जातात. दहा वर्षं पूर्ण झाली असतील तर रोख रकमेचा पर्यायच उरत नाही, स्कीम सर्टिफिकेटच मिळतं. पण एकदा १०-सी ची रोख रक्कम घेतली की ती वर्षं संपली. पैसे परत भरून ती जिवंत करण्याची सोय नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये ईपीएफओच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने घेतलेला निर्णय याच मुद्द्याशी जोडलेला आहे. नोकरी सुटल्यावर पीएफचा पूर्ण हिशेब करण्यासाठीचा कालावधी २ महिन्यांवरून १२ महिने आणि पेन्शनची रक्कम काढण्यासाठीचा २ महिन्यांवरून ३६ महिने करायचं ठरलं. 'आमचाच पैसा अडकवला' म्हणून त्यावर बरीच टीका झाली. सरकारची बाजू अशी होती की अंतिम हिशेबाच्या वेळी निम्म्या सदस्यांच्या खात्यात २० हजार रुपयेही नसतात. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. मात्र कंपनी सुटल्यावर तीन महिने बेकार बसलेल्या माणसाला पेन्शनचं महत्त्व पटवणं सरकारी पत्रकाने होणार नाही, हेही तितकंच खरं.

नोंद हरवते कुठे?

पहिली जागा म्हणजे ठेकेदार. माणूस सांगतो, "मी अमुक कंपनीत होतो." गेटवरच्या पाटीवर ते नाव असतंही. पण त्याची हजेरी लावणारा, पगार देणारा आणि पीएफ भरणारा ठेकेदार वेगळा असतो. ईपीएफओच्या नोंदीत त्या ठेकेदाराच्याच आस्थापनेचं नाव सापडतं. मोठ्या कंपनीच्या नावाने शोधून "काहीच दिसत नाही" म्हणणाऱ्यांचा घोळ इथेच झालेला असतो. म्हणून जुन्या पगाराच्या चिठ्ठीवर सगळ्यात वर छापलेलं नाव नीट वाचा.

दुसरी जागा, २०१४ च्या आधीचा काळ. यूएएन, म्हणजे आयुष्यभर एकच राहणारा बारा आकडी क्रमांक, ऑक्टोबर २०१४ पासून आला. त्याआधी प्रत्येक नोकरीत नवा पीएफ नंबर मिळायचा आणि तो नोकरीबरोबर मागे राहायचा. पण यूएएन आल्यावरही सगळं सुरळीत झालं नाही. नव्या ठेकेदाराने जुना नंबर न विचारता नवीन काढला, असे दोन-दोन, तीन-तीन यूएएन असलेले कामगार आहेत.

तिसरी जागा म्हणजे नाव. आधारवर वडिलांचं नाव मध्ये, कंपनीत आडनाव आधी; शाळेच्या दाखल्यावर एक जन्मतारीख, आधारवर १ जानेवारी. मशीनला ही दोन वेगळी माणसं वाटतात. त्यात नोंदणीचा मोबाइल नंबर पुण्यात असताना घेतलेला, रिचार्ज न केल्याने बंद पडलेला. ओटीपी कुणाकडे जातो, देव जाणे.

आणि चौथी, सगळ्यात साधी : कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेलीच नसते. ती नसेल तर ट्रान्सफर अडतं आणि काढण्याचा अर्जही. शेवटचा हप्ता जमा होऊन दोन महिने झाल्यावर ही तारीख सदस्याला स्वतःच पोर्टलवर भरता येते. त्यासाठी पुण्याला जाऊन कुणाच्या पाया पडायची गरज नाही.

शोध कुठून सुरू करायचा?

आधी पिशवीतले कागद. पगाराच्या चिठ्ठीवर किंवा ओळखपत्रावर पीएफ नंबर असेल तर अर्धं काम झालं. नसेल, तर कंपनी किंवा ठेकेदाराचं नाव, गाव आणि साधारण कुठल्या सालापासून कुठल्या सालापर्यंत, एवढं एका कागदावर लिहून काढा. बँकेचं जुनं पासबुकही उपयोगी पडतं. पगार कुणाच्या नावाने जमा झाला, ते त्यात छापलेलं असतं.

नोंदणीचा मोबाइल चालू असेल तर ९९६६०४४४२५ या नंबरवर मिस्ड कॉल द्या. यूएएन सक्रिय असून आधार, पॅन किंवा बँक खातं जोडलेलं असेल तर खात्याची माहिती मेसेजवर येते. मोबाइल बदलला असेल तर ईपीएफओच्या संकेतस्थळावर किंवा उमंग अॅपवर आधार क्रमांकावरून यूएएन शोधता येतो, फक्त आधारला जोडलेला मोबाइल हाताशी हवा. १४४७० ही ईपीएफओची हेल्पलाइन आहे.

यूएएनने काहीच हाती लागलं नाही तर संकेतस्थळावर आस्थापना शोधण्याची सोय आहे. ती सगळ्यांसाठी खुली आहे, लॉगिन लागत नाही. ठेकेदाराचं नाव टाकलं की त्याचा कोड, पत्ता, तो कुठल्या कार्यालयाखाली येतो आणि कुठल्या महिन्यात पैसे भरले हे दिसतं. तुमच्या चिठ्ठीवर कपात दिसते, पण त्या महिन्यांत आस्थापनेने भरणाच केलेला नाही, तर ते इथे उघडं पडतं.

यानंतर कार्यालयाचा प्रश्न येतो. हिंगोली जिल्हा ईपीएफओच्या छत्रपती संभाजीनगर कार्यालयाखाली येतो आणि ते दोनशे किलोमीटरहून लांब आहे. शिवाय चाकणच्या खात्याची फाइल संभाजीनगरला नसतेच, ती पुण्याकडे असते. पण जानेवारी २०२३ पासून ईपीएफओ 'निधी आपके निकट' हा उपक्रम प्रत्येक जिल्ह्यात घेते. दर महिन्याच्या २७ तारखेला, त्या दिवशी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी, अधिकारी जिल्ह्यात बसतात. ठिकाण महिन्यागणिक बदलू शकतं, म्हणून निघण्याआधी हेल्पलाइनवर विचारून घेतलेलं बरं. तक्रार ऑनलाइन नोंदवायची तर ईपीएफआयजीएमएस हे पोर्टल आहे आणि तिथे खातं ज्या कार्यालयाकडे आहे त्याचंच नाव निवडायचं असतं. त्यावर गोलमोल उत्तर आलं तर माहिती अधिकारातही अर्ज करता येतो. आपल्या खात्यात कुठल्या वर्षी किती पैसे आणि किती महिन्यांची सेवा नोंदली आहे, एवढा नेमका प्रश्न पुरतो.

नाव आणि जन्मतारखेच्या दुरुस्तीचा नियम जानेवारी २०२५ मध्ये सैल झाला. ऑक्टोबर २०१७ नंतर आधारवरून दिलेला यूएएन असेल, तर बहुतेक दुरुस्त्या कंपनीच्या सहीशिवाय घरबसल्या होतात. त्याआधीच्या यूएएनसाठी कंपनीची मान्यता लागते. जुन्या कामगारांची अडचण अजून तिथेच आहे.

एक इशारा. यातल्या कुठल्याही कामासाठी ईपीएफओ फी घेत नाही. सेंटरवाल्याला फॉर्म भरण्याचे पैसे देणं वेगळं. "तुमचा अडकलेला फंड काढून देतो, दहा टक्के माझे" म्हणणाऱ्याच्या हाती आधार आणि ओटीपी देणं वेगळं.

वसमतच्या कारखान्यात 'सिझन'ला काम केलं असेल तर?

हा भाग सगळ्यांसाठी नाही, पण ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यासाठी फार मोलाचा आहे. वसमतचा पूर्णा, कुरुंद्याचा टोकाई असे सहकारी साखर कारखाने याच जिल्ह्यातले. साखर कारखान्यात कायम कामगारांबरोबर हंगामी कामगारही असतात. गाळप सुरू झालं की कामावर, पट्टा पडला की घरी. वर्षातून चार-पाच महिने काम.

असा माणूस स्वतःचा हिशेब घालतो : बारा हंगाम म्हणजे फार तर पाच वर्षांची नोकरी, दहा वर्षं कुठून भरणार? आणि तो १०-सी भरून मोकळा होतो. पण ईपीएस-९५ मध्ये हंगामी आस्थापनांतल्या कामगारांसाठी स्वतंत्र तरतूद आहे. हंगामी काम करणाऱ्याची एका वर्षातली प्रत्यक्ष सेवा वर्षभरापेक्षा कमी असली तरी पेन्शनच्या पात्रतेसाठी ते पूर्ण वर्ष धरलं जातं. म्हणजे बारा हंगाम भरले असतील आणि दरवर्षी पीएफ जमा झाला असेल, तर ती बारा वर्षं. अट एवढीच की कारखान्याने त्याला आपल्या पटावर घेऊन पीएफ भरलेला हवा. ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेऊन फडात जातात आणि कारखान्याच्या पटावर नसतात. या तरतुदीचा त्यांना उपयोग होत नाही.

कारखाना आजारी पडला, बँकेने ताबा घेतला, तर कापलेल्या पीएफचं काय? या प्रश्नाचं उत्तर महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांवरूनच मिळालेलं आहे. कारखान्यांनी राज्य सहकारी बँकेकडे साखरेची पोती तारण ठेवली होती आणि दुसरीकडे कामगारांचा पीएफ थकला होता. आधी कुणाचे पैसे, यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं की पीएफच्या थकबाकीचा हक्क बँकेच्या कर्जाच्याही आधी येतो. त्यामुळे "कारखानाच बुडाला, आता काय मिळणार" म्हणून गप्प बसण्याचं कारण नाही. ठेकेदाराच्या बाबतीतही असंच आहे. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर ज्या कंपनीसाठी काम केलं ती मूळ मालक म्हणून जबाबदार धरली जाते. तक्रारीत दोघांचीही नावं लिहायची.

पैसा पडून राहिला तर बुडतो का?

नाही, पण त्याचे टप्पे आहेत. "तीन वर्षं खात्यात काही भरलं नाही की व्याज बंद" हे अर्धवट खरं आहे. तिशीत नोकरी सोडून गावी आलेल्याच्या पीएफ शिल्लकीवर वयाच्या ५८व्या वर्षापर्यंत व्याज जमा होत राहतं. २०१६ पासून हा नियम स्पष्ट आहे. तीन वर्षांची अट लागते ती ५५ नंतर निवृत्त झालेल्या, कायमचे परदेशी गेलेल्या किंवा मृत सदस्याच्या खात्याला. ३६ महिन्यांत कुणी दावा केला नाही तर ते निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं. पुढे सात वर्षं कुणीच आलं नाही तर रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग होते. तिथूनही ती परत मागता येते, पण २५ वर्षांच्या आत. त्यानंतर ती सरकारजमा होते.

म्हणून सगळ्यात आधी ज्यांच्या खात्यांकडे बघायला हवं ते तरुण नव्हेत. घरातले साठीच्या आसपासचे काका, मामा, आणि जे आता हयात नाहीत ते.

माणूस गेला, मागे बायको-मुलं आहेत

या योजनेतली सर्वांत दुर्लक्षित पेन्शन विधवेची आहे. नोकरीत असताना कामगाराचा मृत्यू झाला तर दहा वर्षांची अट लागत नाही. एक महिन्याचा हप्ता भरलेला असला तरी पत्नीला पेन्शन मिळते. नोकरी सोडून गावी आल्यावर, ५८ पूर्ण होण्याआधी मृत्यू झाला आणि दहा वर्षांची सेवा शाबूत असेल, तरीही मिळते. शिवाय एका वेळी दोन मुलांना, प्रत्येकी विधवा पेन्शनच्या २५ टक्के, वयाच्या २५व्या वर्षापर्यंत. पतीने नॉमिनीत भावाचं किंवा आईचं नाव टाकलं होतं म्हणून पत्नीचा पेन्शनचा हक्क जात नाही. या पेन्शनसाठी कुटुंब म्हणजे आधी पत्नी आणि मुलं.

वर दिलेल्या उदाहरणातला कामगार चाळिशीत गेला, तर त्याच्या त्या अकरा वर्षांची किंमत १,८८६ रुपयांच्या हिशेबाने मोजून चालत नाही. १०-सी भरले असतील तर त्याच्या पत्नीला या योजनेतून काहीच मिळणार नाही. भरले नसतील तर तिला दर महिन्याला पेन्शन आणि मुलांचा वाटा मिळेल.

अर्ज फॉर्म १०-डी वर होतो. मृत्यूचा दाखला, बँक पासबुक, मुलांच्या वयाचे पुरावे आणि सर्वांचे आधार लागतात. नोकरीत असताना मृत्यू झाला असेल तर फॉर्म ५-आयएफ भरून विम्याची रक्कमही मागायची. तिची कमाल मर्यादा ७ लाख रुपये आहे. हा विमा पीएफबरोबर आपोआप असतो, वेगळा हप्ता कामगाराकडून घेतला जात नाही, म्हणून घरच्यांना त्याचा पत्ताच नसतो.

पेन्शन कधी सुरू करायची?

दहा वर्षांची सेवा असेल आणि नोकरी नसेल तर पन्नाशीनंतर कधीही पेन्शन मागता येते. पण ५८ ला जितकी वर्षं कमी, तितक्या वर्षांसाठी दरवर्षी ४ टक्के कपात होते आणि ती कायमची असते. पन्नासाव्या वर्षी घेतली तर पेन्शन चौथ्या हिश्श्याहून जास्त घटते. उलट ५८ ला न घेता ६० पर्यंत थांबलं तर दरवर्षी ४ टक्के वाढते. शेती आणि जोडधंद्यावर घर चालत असेल तर ५८ पर्यंत थांबलेलं चांगलं. आजारपण असेल, दुसरं उत्पन्नच नसेल, तर कमी पेन्शन लवकर घेण्यातही शहाणपण आहे. दहापेक्षा थोडी कमी वर्षं असलेल्याने, म्हणजे आठ-नऊ वर्षं झालेल्याने, पीएफ कापणारं एखाद-दोन वर्षांचं काम मिळतंय का हे बघावं. एमआयडीसीतला छोटा कारखाना, शाळेचा-दवाखान्याचा सुरक्षारक्षक, काहीही चालेल, फक्त यूएएन तोच द्यायचा.

पेन्शन घेण्यासाठी खातं पुण्यातल्या बँकेत असण्याची गरज आता राहिलेली नाही. १ जानेवारी २०२५ पासून केंद्रीय पेन्शन वितरण व्यवस्था देशभर लागू झाली आणि ६८ लाखांहून अधिक पेन्शनधारक तिच्याखाली आले. सेवा कुठेही झालेली असो, पेन्शन औंढ्याच्या किंवा कळमनुरीच्या बँक शाखेत घेता येते. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्येच द्यायला हवा असंही नाही. ईपीएस पेन्शनधारकाचा दाखला दिल्या तारखेपासून वर्षभर चालतो. पोस्ट पेमेंट्स बँकेमार्फत पोस्टमन घरी येऊनही तो करून देतो.

रकमेचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिना १,००० रुपये आहे आणि तेव्हापासून ती तेवढीच राहिली आहे. ती ७,५०० रुपये करावी आणि वर महागाई भत्ता द्यावा, यासाठी ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समितीने हिंगोलीपासून फार लांब नसलेल्या बुलढाण्यात २४ डिसेंबर २०१८ पासून साखळी उपोषण सुरू केलं. समितीचे अध्यक्ष कमांडर अशोक राऊत यांच्या शिष्टमंडळांनी एकामागून एक केंद्रीय मंत्र्यांच्या भेटी घेतल्या. तिथे बसणाऱ्यांत एसटी, वीज मंडळ, साखर कारखाने, सूतगिरण्यांतून निवृत्त झालेली माणसं आहेत. तीस-पस्तीस वर्षं सलग नोकरी केलेल्यांचं हे भांडण आहे, पेन्शन वाढवण्याचं. तीन-चार वर्षांच्या तुकड्यांत नोकरी केलेला चाकणचा कामगार अजून त्या रांगेत पोहोचलेला नाही. त्याच्या पिशवीतल्या चिठ्ठीवरचा नंबर आधी यूएएनला जोडला जायचा आहे.